पॅकिंग की सिलिकॉन? मोटरसायकलचं इंजिन बांधताना

सुटीत घरची जुनी गाडी उघडून बसणारे आपल्या कॉलेजात बरेच आहेत. कुणाच्या काकांची आरएक्स-१०० असते, कुणाच्या वडिलांची स्प्लेंडर, एखाद्या भाग्यवंताकडे आजोबांची कास्ट आयर्न बुलेट. पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांच्याबद्दल सगळे भरभरून बोलतात. पण सगळे भाग धुऊन-पुसून वर्तमानपत्रावर मांडले आणि आता बांधायचं म्हटलं, की एक प्रश्न हमखास येतो. दोन भागांच्या मध्ये काय घालायचं? पॅकिंग, की ट्यूबमधलं सिलिकॉन? (आपण परीक्षेत 'गॅस्केट' लिहितो, गॅरेजमध्ये त्यालाच 'पॅकिंग' म्हणतात. या लेखात दोन्ही शब्द येतील, समजून घ्या.)

गॅरेजमध्ये विचारलंत तर दोन टोकाची उत्तरं मिळतात. जुने मिस्त्री म्हणतात, "पेस्टबिस्ट काही नको, कंपनीचं पॅकिंग टाक आणि आवळ." नवीन पोरं म्हणतात, "पॅकिंगला कशाला पैसे घालतोस, सिलिकॉन मार, थेंब गळणार नाही." दोघांच्याही गाड्या चालतात, त्यामुळे वाद काही मिटत नाही. माझं म्हणणं असं, की यातला बराचसा निर्णय आपल्या हातात नसतोच. केसिंगचं मशीनिंग झालं तेव्हाच डिझाइन करणाऱ्याने तो घेऊन टाकलेला असतो. त्याने जिथे अर्धा मिलिमीटर जागा पॅकिंगसाठी धरली, तिथे अर्धा मिलिमीटर द्यावाच लागतो. जिथे धरली नाही, तिथे कागद घुसवता येत नाही. आपलं काम म्हणजे त्याने काय धरलं होतं ते ओळखणं.

मुळात गळतं का?

मशीन केलेला पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतो, पण त्यावर टूलच्या रेषा असतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सबंध पृष्ठभागाला थोडा बाक असतो. बोल्ट आवळला की बोल्टाच्या आजूबाजूला दाब भरपूर येतो, दोन बोल्टांच्या मधोमध तो सगळ्यात कमी असतो. गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. केसिंग जितकं पातळ आणि बोल्ट जितके लांब-लांब, तितकी ही अडचण मोठी. पॅकिंग मऊ असतं, ते दबून या उंच-सखल जागा भरून काढतं. पण त्यासाठी त्याच्यावर पुरेसा दाब राहायला हवा. नुसतं मध्ये ठेवलेलं पॅकिंग काहीच अडवत नाही.

हा दाब किती असतो याचा अंदाज घेऊ. मशीन डिझाइनमधलं सूत्र आठवा : टॉर्क बरोबर ०.२ गुणिले व्यास गुणिले ताण. सहा मिलिमीटरचा बोल्ट १० न्यूटन-मीटरला आवळला तर ताण येतो साधारण ८३०० न्यूटन, म्हणजे साडेआठशे किलोच्या आसपास. इवलासा बोल्ट, आणि त्याच्यावर मारुती ८०० पेक्षाही जास्त वजन! आता तेच ०.२ बघा. ते घर्षणामुळे येतं. आट्यांना ऑइल किंवा पेस्ट लागली की ते ०.१३ च्या आसपास उतरतं, आणि त्याच १० न्यूटन-मीटरला ताण जातो जवळजवळ १२८०० न्यूटनवर. ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे "अचानक" का जातात, याचं उत्तर अनेकदा इथे असतं. म्हणून पेस्ट लावताना बोल्टाच्या भोकात ती जाऊ द्यायची नाही, आणि आंधळ्या भोकात तर अजिबातच नाही. तिथे बोल्ट पिस्टनसारखा पेस्टवर दाबतो, टॉर्क पाना 'टक' करतो, आणि बोल्ट मात्र पुरता बसलेलाच नसतो.

पॅकिंगचा एक दुर्गुणही सांगायला हवा. मऊ वस्तू दाबाखाली हळूहळू बसत जाते. ती बसली की बोल्टाचा ताण कमी होतो. नवीन पॅकिंग घातलेलं इंजिन पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झालं, की मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तिथे बोल्ट परत तपासायचे ते याचसाठी. धातूवर धातू बसवून मध्ये फक्त पातळ पेस्ट असेल तर असं बसणं जवळजवळ नसतं. त्यामुळेच नव्या डिझाइनमध्ये, जिथे केसिंग जाड आणि मशीनिंग चांगलं आहे तिथे, कागद जाऊन पेस्ट आली. यात पैसे वाचवणं हे एक कारण आहेच, पण जोड ताठ राहतो हेही आहे.

पॅकिंग म्हणजे माप

हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून जरा आकडे मांडतो.

हिरो होंडा स्प्लेंडर १९९४ साली आली. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर, म्हणजे ९७.२ सीसी. कम्प्रेशन रेशो ८.८ धरला तर पिस्टन वर असताना उरणारी जागा येते ९७.२ भागिले ७.८, म्हणजे सुमारे १२.५ सीसी. आता सिलिंडरखाली बेस पॅकिंग असतं. समजा मूळ पॅकिंग मिळालं नाही म्हणून कुणी अर्धा मिलिमीटर जास्त जाडीचा कागद कापून घातला. बोअरचं क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंटिमीटर, त्यामुळे जागा वाढली जवळजवळ एक सीसीने. रेशो उतरला ८.२ वर. गाडी गळत नाही, पण चढावर दम धरत नाही, आणि मालक कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

उलट बाजू बघा. समजा पॅकिंग ०.३ मिलिमीटरचं होतं आणि ते काढून कुणी नुसतं सिलिकॉन लावलं. बोल्ट आवळल्यावर सिलिकॉन बाहेर ढकललं जातं, मध्ये नावापुरता थर उरतो. सिलिंडर ०.३ मिलिमीटरने खाली आला, रेशो गेला ९.२ च्या आसपास, आणि पिस्टन व हेडमधलं अंतर तेवढंच कमी झालं. वरच्या हेडमध्ये कॅमशाफ्ट आहे, ती टायमिंग चेनने खालच्या क्रँकला जोडलेली. सिलिंडरची उंची बदलली की व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा किंचित सरकतं. टू-स्ट्रोकला तर सिलिंडरच्या भिंतीतच पोर्ट आहेत. तिथे बेस पॅकिंगची जाडी बदलणं म्हणजे पोर्ट उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणं. रेसवाले हे मुद्दाम करतात, मोजूनमापून. न मोजता झालं तर तो अपघात.

तीच गोष्ट आडव्या दिशेला. क्रँककेसचे दोन अर्धे (गॅरेजमधलं 'चेंबर') जोडले जातात तेव्हा त्यांच्यामध्ये क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचे शाफ्ट अडकलेले असतात. शाफ्टला आडवं थोडंसं खेळायला जागा लागते. स्प्लेंडरच्या इंजिनात दोन अर्ध्यांमध्ये पॅकिंग आहे. ते काढून नुसती पेस्ट लावली तर ही जागा कमी होते. इंजिन बांधून किक मारायला गेलात आणि शाफ्ट जड फिरतोय असं वाटलं, तर आधी हेच तपासा.

आरएक्स-१०० मध्ये नेमकं उलट आहे. तिथे दोन अर्ध्यांमध्ये कागद नाही, यामाहाने तिथे पेस्टच सांगितली आहे. जुन्या बुलेटच्या क्रँककेसचंही तसंच, धातूवर धातू आणि मध्ये पेस्ट. "गळतंय ना, मग कागद घालू" असं म्हणून आरएक्सच्या चेंबरमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा कागद घातला तर काय होईल? शाफ्टचा खेळ अर्ध्या मिलिमीटरने वाढला. सिलिंडर ज्या गोल तोंडात बसतो, ते तोंड दोन अर्ध्यांचं मिळून झालेलं असतं, ते एका दिशेने अर्धा मिलिमीटर लांबट झालं. आणि सिलिंडरच्या पॅकिंगखाली कागदाची उघडी कड आली, जिथून हवा आत जायला नवीन वाट मिळाली.

म्हणून जुनं पॅकिंग फाटलेलं असलं तरी फेकू नका. त्याचा बोल्टाजवळचा दबलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजा. मशीनशॉपच्या प्रॅक्टिकलमध्ये मायक्रोमीटर हाताळलाय तो अशा वेळी कामाला येतो. पुण्यात नाना पेठेत गॅस्केट शीट वेगवेगळ्या जाडीचं मिळतं, दबल्यावर किती होईल याचा अंदाज घेऊन निवडायचं. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून घालणारे महाभागही मी पाहिले आहेत. पत्रिका कितीही भारी असली तरी ऑइल तिच्यात शोषलं जातं आणि बाहेर पाझरतं.

कागद कापायची एक प्रचलित रीत म्हणजे शीट केसिंगवर ठेवून कडेवर हातोडीने ठोकत जाणं. भोकांसाठी बेअरिंगची गोळी ठेवून वर एक ठोका. जमते छान, पण ॲल्युमिनियमची कड त्यात चेपते, आणि ज्या कडेने ऑइल अडवायचं तीच बिघडते. त्यापेक्षा कडेला बोटाने ऑइलचा पातळ हात फिरवा, शीट दाबा, ठसा उमटेल. तो कात्रीने कापा.

ट्यूबमध्ये नक्की काय असतं?

'सिलिकॉन' हे गॅरेजमध्ये सगळ्याच पेस्टचं नाव झालंय. प्रत्यक्षात ट्यूबमधल्या वस्तू अगदी वेगळ्या असतात आणि त्यांची रसायनंही.

सगळ्यात जुनी म्हणजे शेलॅक. शेलॅक म्हणजे आपली लाख, किड्याने झाडावर तयार केलेली, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पेट्रोल आणि ऑइलला ती चांगली तोंड देते, म्हणून कित्येक वर्षं मिस्त्री लोकांनी डोळे मिटून वापरली. पण लाख विरघळते अल्कोहोलमध्ये, आणि आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमधून सगळं पेट्रोल जातं, म्हणजे तिथे शेलॅक लावणं हे साखरेचा बांध घालून पाणी अडवण्यासारखं आहे. आजोबांच्या काळात जे चाललं ते आज का चालत नाही, याचं कारण गाडीत शोधू नका, टाकीत आहे.

मग येतं खरं सिलिकॉन, म्हणजे आरटीव्ही. हे हवेतल्या बाष्पाने घट्ट होतं, वाळून नव्हे. दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते, आणि आत चोवीस तासांत साधारण दोन-तीन मिलिमीटर खोलवर पिकतं. संध्याकाळी लावून रात्री ट्रिपला निघणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ते ॲसिटिक ॲसिड सोडणारं सिलिकॉन आहे. खिडकीच्या काचेला, बाथरूमला ते ठीक, इंजिनच्या ॲल्युमिनियमला नको. इंजिनसाठी तसा वास नसलेलं, 'न्यूट्रल' जातीचं घ्यायचं. शिवाय २०२० पासून बीएस-६ गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आला आहे. काही सिलिकॉनमधून निघणारी वाफ ब्रीदरवाटे इंजिनात जळते आणि सेन्सरवर बसते. ट्यूबवर 'सेन्सर-सेफ' लिहिलेलं बघून घ्या.

सिलिकॉनचा मोठा गुण म्हणजे ते रबरासारखं ताणलं जातं. बुलेटचा सिलिंडर कास्ट आयर्नचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. कास्ट आयर्न एक डिग्रीला मीटरमागे साधारण ११-१२ मायक्रॉन वाढतं, ॲल्युमिनियम २३ मायक्रॉन. शंभर मिलिमीटर लांबीवर शंभर डिग्री तापमान वाढलं तर दोघांत ०.१ मिलिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. दोन वेगळ्या धातूंचा प्रत्येक जोड गाडी तापली-निवली की असा घासतो. ताणल्या जाणाऱ्या वस्तूला ते सोसतं. (याचा अर्थ हेडला सिलिकॉन लावा असा नाही! हेडचं पुढे येतंय.) दुर्गुण म्हणजे पेट्रोलमध्ये सिलिकॉन फुगतं आणि नरम पडतं. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरला, इनटेकच्या जोडाला किंवा टू-स्ट्रोकच्या चेंबरला साधं सिलिकॉन लावणं म्हणजे दोन महिन्यांनी परत खोलायची तारीख ठरवणं.

तिसरी जात ॲनेरोबिक. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये केमिस्ट्री शिकवणारे व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये याच रसायनावर कंपनी काढली, तीच पुढे लॉकटाइट. हे हवेत घट्ट होतच नाही. हवा तुटली आणि धातू भेटला की मगच घट्ट होतं. म्हणून याची बाटली कंपनी कधी काठोकाठ भरत नाही आणि बाटलीचं प्लॅस्टिकही हवा आत जाऊ देणारं असतं. व्हायवाला विचारण्यासारखी गोष्ट आहे. याचा खरा फायदा असा, की जोडातून आतल्या बाजूला जे बाहेर येतं ते पातळच राहतं आणि ऑइलमध्ये धुऊन जातं. सिलिकॉनचं तसं नाही. जास्त लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला शेवयांसारखं लोंबतं, तिथेच पिकतं, कधीतरी तुटतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. इंजिन बाहेरून लखलखीत कोरडं, आणि आत कॅमशाफ्टला ऑइल नाही. बऱ्याच फोर-स्ट्रोक इंजिनांत ऑइलची वाट जोडातल्या भोकातूनच एका भागातून दुसऱ्यात जाते, तिथे तर तांदळाच्या दाण्याएवढं सिलिकॉनही पुरतं. बाहेरून ऑइलचा थेंब पडला तर फरशी खराब होते. आतून वाट बंद झाली तर इंजिन जातं. मिस्त्री मंडळी सिलिकॉनला नाकं मुरडतात ती बहुतेक असलं एखादं इंजिन बघितल्यामुळेच.

ॲनेरोबिक ताठ असतं, म्हणून जोडही ताठ हवा, आणि फट पाव मिलिमीटरच्या आतली. पत्र्याच्या झाकणाला ते चालत नाही, तिथे सिलिकॉनच बरं. ॲल्युमिनियमवर ते लोखंडापेक्षा सावकाश पिकतं, घाई करू नये.

याशिवाय हायलोमारसारख्या कधीच न सुकणाऱ्या पेस्ट आहेत. ही रोल्स-रॉइसच्या विमान इंजिनांच्या कामातून आलेली निळी पेस्ट. परत परत उघडावा लागणारा जोड असेल तर सोयीची, कारण खरवडायला लागत नाही.

आरएक्सचं चेंबर

टू-स्ट्रोकचा क्रँककेस ही नुसती पेटी नसते, तो पंप असतो. पिस्टन वर जाताना आत हवा-पेट्रोल ओढलं जातं, खाली येताना तेच दाबलं जातं. आरएक्स-१०० साडेसात हजार आरपीएमला पूर्ण ताकद देते, म्हणजे सेकंदाला १२५ वेळा आत कमी दाब, जास्त दाब, कमी दाब, जास्त दाब. जोडात केसाएवढी फट असली तरी ओढण्याच्या वेळी ज्यादा हवा आत येते. मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, ज्वलन तापतं, प्लग पांढरा पडतो. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम लगेच खाली न येता रेंगाळतात. ही खूण दिसूनही कुणी हायवेला गाडी पिदडली, तर पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो आणि मागचं चाक लॉक होतं. साठच्या स्पीडला मागचं चाक लॉक होणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. फोर-स्ट्रोकच्या चेंबरमधून गळलं तर रोज ऑइल बघत निभावता येतं, टू-स्ट्रोकच्या चेंबरला तशी सवलत नाही.

म्हणून हा जोड करताना वेळ काढा. दोन्ही कडा थिनरने पुसा, बोट फिरवून खरखर लागते का बघा. जुनी पेस्ट काढायला स्क्रूड्रायव्हर वापरू नका, ॲल्युमिनियमवर एक ओरखडा उमटला की तो कायमचा. लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी आणि थोडा धीर. कड वाकलीय अशी शंका असेल तर जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरा, ऑइलचे दोन थेंब टाका आणि केसिंग आठ आकड्यात अलगद फिरवा. उंच जागा आधी चमकतात. फक्त, किती घासतोय याचं भान ठेवा, कारण घासलेला धातूसुद्धा मापातूनच जातो. डोवेल पिना जागेवर आहेत ना ते बघा. त्या हरवलेल्या असतील तर दोन अर्धे बोल्टाच्या भोकांच्या ढिलाईवर बसतात, आणि बेअरिंग एका रेषेत राहत नाहीत.

पेस्ट एकाच कडेवर, पातळ आणि सलग लावायची, बोल्टाच्या भोकाच्या आतल्या बाजूने. पेट्रोल सोसणारीच. अर्धे एकदा टेकवले की परत उघडून "नीट लागलंय का" बघायचं नाही. बघायचं असेल तर सगळं पुसून पहिल्यापासून. बोल्ट मधून बाहेर, तिरके-तिरके, दोन-तीन फेऱ्यांत. नंतर सिलिंडरच्या तोंडाशी, जिथे चेंबरचा उभा जोड आणि बेस पॅकिंग भेटतात, तिथे मोहरीएवढी पेस्ट. स्प्लेंडरसारख्या इंजिनात याच जागी चेंबरच्या पॅकिंगची कड वर डोकावते. ती ब्लेडने सपाट कापायची. तीन जोड एकत्र येतात ती जागा कुठल्याही इंजिनात सगळ्यात आधी गळते.

आता चाचणी. इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी ही करता येते आणि खर्च जवळजवळ शून्य. एग्झॉस्ट पोर्टवर रबरशीट व पट्टी लावून बंद करा, प्लग लावा, पिस्टन खाली आणून ठेवा. कार्ब्युरेटरच्या बाजूला रबरी बूच बसवून त्यातून नळी काढा. नळीला डॉक्टरांचं बीपीचं यंत्र जोडा, फुगा आणि डायल दोन्ही त्यातच मिळतं. डायल ३०० पर्यंत असते. २५० वर नेलं म्हणजे साधारण पावणेपाच पीएसआय झालं. काटा जागेवर राहिला पाहिजे. भराभर उतरला तर साबणाचं पाणी ब्रशने जोडांवर लावा, बुडबुडा चोर दाखवतो. दाब कार्ब्युरेटरच्या बाजूनेच का द्यायचा? आरएक्सला रीड व्हॉल्व्ह आहे. एग्झॉस्टकडून दाब दिला तर रीड मिटतो, आणि इनटेकचा जोड चाचणीतून निसटतो. मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील बुडबुड्यांनी कळतं. क्लचच्या बाजूचं सील आत लपलेलं असतं, ते फुटलं असेल तर हवा गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून येते. तिथेही साबणाचं पाणी लावा. अनेकदा जोड चांगला निघतो आणि सील गेलेलं निघतं. मग कितीही भारी पेस्ट लावली असती तरी उपयोग नव्हता.

बाकीचे जोड

हेडबद्दल भांडण नाही. तिथे ज्वलनाचा दाब आणि आग आहे, तिथे कंपनीचं पॅकिंग, कोरडं, नवीन. वर पेस्ट लावायची नाही. जुन्या गाड्यांत तांब्याचं पॅकिंग निघालं आणि नवीन मिळतच नसेल तर ते लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतं. लोखंड असं केल्याने कडक होतं, तांबं होत नाही. मेटलर्जीच्या सरांना कारण विचारा, खूश होतील.

क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर हे परत परत उघडणारे जोड. तिथे कागदी पॅकिंग, आणि कागदाला पेस्ट नको. पेस्टमुळे कागद घसरतो, आवळताना दोन बोल्टांच्या मध्ये बाहेर सरकतो आणि फाटतो. ग्रीसचा पुसट हात दिला तर पुढच्या वेळी अखंड निघेल. एवढंच पुरे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. जुन्या गाडीचं राखाडी, तंतुमय पॅकिंग ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. ते ड्रिलला वायर ब्रश लावून उडवू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ऑइलने किंवा पाण्याने भिजवा, ओलंच खरवडा आणि पिशवीत बांधून टाका. त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही, आणि तिचा त्रास वीस-तीस वर्षांनी सुरू होतो.

सगळं व्यवस्थित करूनही बुलेटखाली ऑइल दिसलं, तर परत खोलण्याआधी ब्रीदर बघा. बोअर ७०, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. पिस्टन खाली येताना प्रत्येक वेळी तेवढी हवा खालच्या पेटीत दाबली जाते, आणि तिला बाहेर सोडायला बदकाच्या चोचीसारखा एक रबरी तुकडा असतो. तो कडक झाला किंवा चिकटला की आत दाब साठतो, आणि ऑइल सगळ्या जोडांतून वाट शोधतं. तुम्ही एक जोड बंद करता, ते दुसरीकडून येतं. रबर बोटांनी दाबून बघा, मऊ असेल आणि चोच उघडत-मिटत असेल तर ठीक. नसेल तर आधी ते बदला, आणि मगच पॅकिंग सेट आणायला निघा.